मेस्तच्या शाळेतून मुंबईच्या वाद्यवृंदात

बुलढाण्यातल्या शेगावहून पंढरपूरला निघणाऱ्या दिंडीत टाळ-मृदंग एका ठेक्यात चालतात, पण वाजवणाऱ्यासमोर कागद नसतो. सगळे पाठांतरावर आणि कानावर चालते, आणि त्यासाठी शाळाही आहे. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था 1917 सालची. बुलढाण्यातल्या मुलाला पखवाजाची वाट अशी आखलेली मिळाली. पन्नास जणांत बसून व्हायोलिन वाजवायची वाट मात्र नव्हती, कारण तिथे प्रत्येक गटाला वेगळे काही वाजवायचे असते आणि ते लिहून दिलेले असते. ते वाचायला लहानपणीच शिकवणारी शाळा गावोगाव होती ती गोव्यात. म्हणूनच मुंबईच्या सिनेसंगीतातला व्हायोलिनचा ताफा स्टुडिओंनी नव्हे, गोव्याच्या चर्चशाळांनी घडवला असे मला वाटते.

पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून या शाळा आल्या. मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, आधी स्वरलिपी वाचायला लावी आणि मग हातात व्हायोलिन देई. हेतू कलेचा नव्हता. प्रार्थनेला गायक-वादक हवे होते. पण गावात पोट भरण्याइतके काम नव्हते, म्हणून शिकलेला मुलगा मुंबई गाठे. धोबीतलाव, माझगावकडच्या कुडींत, म्हणजे गावकऱ्यांच्या स्वस्त सामायिक बिऱ्हाडांत, त्याला निवारा मिळे आणि कामाची खबरही. हॉटेले, क्लब, मूकपटांची थिएटरे हे आधीचे मालक. 1931 नंतर बोलपट आला आणि वाचून वाजवणाऱ्यांची गरज वाढली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस वडिलांकडे शिकले, जे चर्चचे संगीतप्रमुख होते. 1943 च्या सुमारास ते संगीतकार नौशादांच्या वाद्यवृंदात आले, नंतर संगीतकार झालेले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 1958 मध्ये त्यांनी भारतीय रागांसाठी सिंफनी वाद्यवृंदही उभा केला. (‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचे नाव ऐकणाऱ्या बहुतेकांना ते काल्पनिकच वाटते.)

‘गोवेकरांच्या रक्तातच संगीत’ हे उत्तर सोपे आहे, पण श्रीधर पार्सेकर ते खोडून काढतात. तेही गोव्याचे, वाद्यही तेच. पण त्यांची तालीम हिंदुस्थानी, आणि नाव झाले ते एकल वादक म्हणून. गजाननराव जोशी, वि. गो. जोग, दातार यांचीही वाट तीच. मातीने वाद्य दिले असेल, पण वादक मैफलीत बसणार की ताफ्यात, हे शाळेने ठरवले. याहून अवघड आक्षेप व्हायोलिनवादक प्रभाकर जोगांच्या उदाहरणाचा आहे: चर्चशाळेचा वारा न लागताही ते सुधीर फडक्यांच्या पथकात आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत रुळले. हे मान्यच करायला हवे. मात्र जोगांसारखा माणूस स्वतःच्या हिकमतीने तिथे पोचतो. शाळेतून दरवर्षी मुले येत, आणि स्टुडिओला रोज सकाळी वीस-तीस जण लागत.

शाळा विरल्या, पुढे सिंथेसायझरने ताफेही मोडले. त्याचा हिशोब 2006 मध्ये दिसला. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेने ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ सुरू केला तेव्हा सभागृह तयार होते. वादक मात्र बहुतांशी परदेशी होते, त्यांत कझाकस्तानातून आलेले बरेच. लहान मुलांना शिकवण्याचे वर्ग संस्थेने त्यानंतर काढले.