गयानाचा मुसलमान राष्ट्राध्यक्ष आणि आपली खुशी

परवा वर्गात एका मुलाने विचारले, "सर, दक्षिण अमेरिकेत एका देशाचा प्रेसिडेंट मुसलमान आहे म्हणे. आपल्याच हिंदुस्तानातला. खरं का?" खरे आहे. देश गयाना, नाव मोहम्मद इरफान अली. २ ऑगस्ट २०२० रोजी त्यांनी शपथ घेतली, २०२५ मध्ये पुन्हा निवडून आले. आईवडील दोघेही शिक्षक. मुले खूश झाली, मलाही बरे वाटले. पण ही खुशी इतिहास वाचून करावी.

गयानाची लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास आहे. निम्म्याहून जास्त ख्रिस्ती, साधारण पाव हिस्सा हिंदू. मुसलमान शंभरात जेमतेम सात. म्हणजे इरफान अली मुसलमानांच्या मतांवर निवडून आलेले नाहीत. त्यांच्या पक्षाचा मोठा आधार भारतीय वंशाचे हिंदू मतदार आहेत.

हे कसे घडले, त्याचे मूळ १८३८ सालात आहे. त्या वर्षी इंग्रजांच्या वसाहतीतले आफ्रिकी गुलाम पूर्ण मुक्त झाले. उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. कलकत्त्याहून निघालेली 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही जहाजे मे महिन्यात तिथे पोचली. पुढे १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार माणसे करारावर गेली, बहुतेक बिहार आणि अवधची. एकाच जहाजातून गेलेले हिंदू-मुसलमान एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणत. आजही तिथे ईद, दिवाळी आणि फगवा म्हणजे होळी, या सरकारी सुट्ट्या आहेत.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. मुक्त झालेल्या आफ्रिकींची मजुरी पाडायला मळेवाल्यांनी आपल्या माणसांचा वापर केला. ती तेढ मुरत गेली. १९५० मध्ये चेदी जगन आणि फोर्ब्स बर्नहॅम एकाच पक्षात होते. १९५३ ची निवडणूक त्यांनी जिंकली, पण १३३ दिवसांत इंग्रजांनी राज्यघटना स्थगित केली. १९५५ मध्ये पक्ष फुटला आणि मतेही वंशावर वाटली गेली. साठच्या दशकात दंगली झाल्या. १९६६ मध्ये स्वातंत्र्य आले, तरी ही फूट मिटली नाही. धर्माने जोडलेले, वंशाने तोडलेले, असा हा देश.

आता तिथे तेल आहे. २०१५ मध्ये समुद्रात साठा सापडला, डिसेंबर २०१९ मध्ये उत्पादन सुरू झाले. २०२२ मध्ये अर्थव्यवस्था एका वर्षात साठ टक्क्यांहून अधिक वाढली. पण २०१६ च्या करारात देशाला रॉयल्टी फक्त २ टक्के. उत्पन्नातून ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम कंपन्या आपल्या खर्चापोटी कापतात, उरलेला नफा निम्मा-निम्मा. करार आधीच्या सरकारचा, पण इरफान अलींनी तो मोडला नाही.

आमच्या येलदरीत पूर्णा अडवून वीज होते. धरण बांधले की आपण विचारतो, जमीन कोणाची गेली आणि पाणी कोणाच्या शेताला मिळाले. तेलाचाही सवाल तोच. तेलाचा पैसा आफ्रिकी वस्तीतल्या शाळेपर्यंत आणि उसाच्या मळ्यातल्या मजुरापर्यंत सारखाच पोचतो का?

मी मुलांना एवढेच सांगितले, "नाव आपले वाटले तर खुशाल हसा. पण हिशेब मागताना नाव पाहू नका. इस्लामने अद्ल म्हणजे न्याय शिकवला, तो आपल्या माणसालाही लागू आहे."