हेमंत करकरे : स्मरण आणि साक्ष

महाराष्ट्रांतील पुष्कळ गांवांच्या वेशींवर वीरगळ उभे आहेत. खालीं युद्धप्रसंग, मध्यें वीरास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, असा त्यांवरील चित्रांचा सामान्य क्रम असतो. परंतु तो वीर कोण व कोणत्या कामीं पडला, हें सांगणारा लेख बहुतेकांवर नसतो. पूजा राहिली, वृत्तांत लोपला. कर्तव्य करीत असतां देह ठेवणाऱ्या आजच्या पोलिसांविषयीं असेंच होऊं नये, म्हणून नागपुरांत विद्यार्जन केलेल्या एका अधिकाऱ्याचें उदाहरण आम्ही येथें घेत आहों.

हेमंत करकरे यांचा जन्म १२ डिसेंबर १९५४ चा. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांतून १९७५ सालीं ते यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर झाले व १९८२ सालीं भारतीय पोलीस सेवेंत शिरले. चंद्रपुरास ते पोलीस अधीक्षक होते. रानांत पडलेल्या लांकडांतून शिल्पें घडविण्याचा छंद त्यांना तेथेंच जडला. जानेवारी २००८ मध्यें ते राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं समुद्रमार्गें आलेल्या दहा सशस्त्र इसमांनीं मुंबईवर हल्ला केला. करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे तिघे अधिकारी चार शिपायांसह एकाच गाडींतून कामा रुग्णालयालगतच्या गल्लींत गेले. तेथें दबा धरून बसलेल्या दोघांनीं त्यांच्यावर गोळ्यांचा वर्षाव केला. सातांपैकीं एक जखमी शिपाई तेवढा वांचला. मारेकऱ्यांनीं अधिकाऱ्यांचे देह खालीं टाकून तीच गाडी पळविली. तो शिपाई मात्र मागच्या बाजूस निपचित पडून होता. गाडी सोडून ते निघून गेल्यावर त्यानें बिनतारी यंत्रावरून ही वार्ता नियंत्रण कक्षास कळविली.

पुढें गिरगांव चौपाटीच्या नाक्यावर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनीं, हातीं केवळ लाठी असतां, कसाबची बंदूक धरून ठेविली. गोळ्या अंगावर झेलून ते पडले, पण पकड सुटली नाहीं आणि कसाब जिवंत सांपडला. या चौघांनाही २६ जानेवारी २००९ रोजीं मरणोत्तर अशोकचक्र अर्पण झालें.

करकरे यांच्या मृत्युसमयीं २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगांव स्फोटाचा तपास त्यांच्याकडे होता. त्यामुळें त्यांच्या मरणाविषयीं नाना तर्क उठले. अशा वेळीं इतिहासानें कशाचा आधार घ्यावा? साक्षात् पाहणारा तो साक्षी, अशी या शब्दाची सिद्धि पाणिनीनें सांगितली आहे. येथें एक साक्षी गाडींत जखमी होऊन पडलेला, व दुसरा साक्षी खुद्द अपराधी. शिपायाची जबानी न्यायालयांत झाली. कसाबवर रीतसर खटला चालला, ३ मे २०१० रोजीं तो दोषी ठरला, आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्याची फांशी कायम केली. ओंबळे यांची पकड ढिली पडती, तर यांतील केवढा भाग अनुमानावर सोंपवावा लागला असता! त्यांनीं शहराचें रक्षण केलें, तसेंच इतिहासाचें एक साधनही राखलें, असें आमचें मत आहे.

करकरे यांना निदान न्यायालयाचा निर्णय तरी लाभला. पण आमच्या विदर्भांतच, गडचिरोली जिल्ह्यांत, ८ ऑक्टोबर २००९ रोजीं लाहेरीजवळ १७ पोलीस पडले. १ मे २०१९ रोजीं जांभूळखेडा येथें सुरुंगस्फोटांत १५ पोलीस गेले. दर २१ ऑक्टोबरला, १९५९ सालीं लडाखांत पडलेल्या १० पोलिसांच्या आठवणीनें पाळल्या जाणाऱ्या स्मृतिदिनीं, अशांचीं नांवें वाचलीं जातात. नांवापलीकडे त्यांचें शिक्षण, त्यांची नोकरी, त्यांचा स्वभाव आणि अखेरची घटका ज्यांनीं जवळून पाहिली, ते सहकारी व आप्त अद्याप हयात आहेत. त्यांच्या जबान्या तिथिवार लिहून घेणें हें संशोधन मंडळांचें काम होय. तें आपण टाळलें, तर पुढच्या पिढीच्या हातीं पुन्हा एक वीरगळच राहील. आणि त्यावरील वीर कोण, हें तिला कोणीच सांगूं शकणार नाहीं.