फातोर्डा : क्रिकेटसह आणि क्रिकेटनंतर

मडगावच्या फातोर्डा भागातल्या मैदानाचं अधिकृत नाव पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. गोव्यात ते नाव फक्त पाटीवर आणि सरकारी कागदांवर दिसतं. लोक नुसतं ‘फातोर्डा’ म्हणतात. १९८९ साली हे मैदान सुरू झालं तेव्हा गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळून जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि गोव्याचा रणजी संघही नवाच होता. नव्या राज्याला आंतरराष्ट्रीय दर्जाचं मैदान हवं होतं. ते फुटबॉल आणि क्रिकेट या दोन्ही खेळांसाठी वापरायचं ठरलं.

पहिला मान क्रिकेटला मिळाला. २५ ऑक्टोबर १९८९ रोजी नेहरू चषकात ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका इथे खेळले. त्याच मोसमातली संतोष ट्रॉफी मडगावात झाली आणि गोव्याने केरळला हरवून ती जिंकली. मैदानाचं पहिलं वर्ष दोन्ही खेळांनी असं वाटून घेतलं.

पुढची वीस वर्षं क्रिकेट येत-जात राहिलं. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेचा निकाल इथेच लागला. लक्ष्मणने शतक ठोकूनही भारत हरला आणि मालिका ३-२ अशी गेली. २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध युवराजचं शतक झालं. २००७ मध्ये श्रीरामपूरच्या झहीर खानने श्रीलंकेचे पाच गडी बाद केले. २४ ऑक्टोबर २०१० रोजी भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसाने एकही चेंडू न टाकता रद्द झाला. त्यानंतर फातोर्ड्यात आंतरराष्ट्रीय क्रिकेट झालेलं नाही.

हे व्हायचंच होतं, असं मला वाटतं. क्रिकेटची खेळपट्टी रोलर फिरवून टणक करावी लागते. फुटबॉलला तीच मधली जागा सारख्या, मऊ हिरवळीची लागते. एका खेळाची सोय केली की दुसऱ्याची गैरसोय होते. शिवाय हे मैदान सासष्टी तालुक्यात आहे. भाताची कापणी झाली की इथल्या मोकळ्या शेतांत पोरं चेंडू घेऊन उतरतात आणि चर्चसमोरच्या मैदानांवर गावागावांच्या स्पर्धा रंगतात. क्रिकेटचे सामने वर्षाकाठी एखादा, कधी तोही नाही. फुटबॉल मात्र मोसमभर चालू असे. १९९९ ची सॅफ स्पर्धा गोव्यात झाली आणि बांगलादेशला हरवून भारताने ती जिंकली. पुढे २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात मोसम देशाचं साखळी विजेतेपद गोव्यातच राहिलं, कधी धेंपोकडे, कधी चर्चिल ब्रदर्सकडे, एकदा साळगावकरकडे. इतक्या छोट्या राज्याची ही कामगिरी भारतीय फुटबॉलच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहायला हवी, आणि ती विसरली जाऊ नये.

जानेवारी २०१४ मधल्या ल्युसोफोनिया स्पर्धेच्या निमित्ताने मैदानाचं नूतनीकरण झालं. आज इथे सुमारे १९ हजार प्रेक्षक बसतात. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी गोवाने फातोर्डा हे आपलं घरचं मैदान केलं. पहिले प्रशिक्षक होते ब्राझीलचे झिको.

या मैदानाची एक गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी. २० डिसेंबर २०१५, लीगचा अंतिम सामना, समोर चेन्नईयिन. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने गोवा २-१ ने पुढे गेला. करंडक हातात आल्यासारखाच होता. ९० व्या मिनिटाला चेंडू गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्याच अंगाला लागून जाळ्यात गेला. लगेच मेंडोझाने तिसरा गोल केला आणि सामना हातचा गेला. गोलरक्षकाची चूक लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत, आणि ही तर घरच्या प्रेक्षकांसमोर घडलेली. २० मार्च २०२२ रोजी हाच वास्कोचा कट्टीमणी हैदराबादच्या संघातून याच मैदानावर अंतिम सामना खेळला. केरळ ब्लास्टर्सविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली, पेनल्टी सुरू झाल्या आणि त्याने तीन पेनल्टी अडवल्या. करंडक हैदराबादने जिंकला. खेळाडूला असं दुसऱ्यांदा उभं राहायला मिळणं दुर्मीळ, तेही त्याच मैदानावर.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने इथे झाले; इराणने जर्मनीला ४-० असं हरवलं ते याच मैदानावर. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, लीगच्या अंतिम लढती इथे रिकाम्या स्टँडसमोर झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पहिल्याच सामन्यात त्याने कतारच्या अल रय्यानला गोलशून्य बरोबरीत रोखलं. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचं उद्घाटनही फातोर्ड्यातच झालं.

गोव्याच्या क्रिकेटला स्वतःचं आंतरराष्ट्रीय मैदान हवं, ही चर्चा अनेक वर्षं चालू आहे. ती मागणी रास्त आहे. अर्जुन तेंडुलकरचं रणजी पदार्पणातलं शतक पर्वरीच्या मैदानावर झालं; अशा खेळाडूंना आणि त्यांना पाहायला येणाऱ्यांना मोठं, हक्काचं मैदान मिळायलाच हवं. सरकारने आणि क्रिकेट संघटनेने त्यासाठी जागा नक्की करून काम सुरू करावं. फातोर्डा मात्र फुटबॉलकडेच राहू द्यावं, आणि मोठ्या लीगच्या सामन्यांबरोबर सासष्टीतल्या गावच्या क्लबांनाही वर्षातून काही दिवस त्या हिरवळीवर खेळू द्यावं.