दुरुस्तीनंतरचे लॅपटॉपचे अतितापन

लॅपटॉप उघडून दुरुस्त केल्यानंतर तो पूर्वीपेक्षा अधिक तापणे, पंखा अखंड मोठ्याने फिरणे, काम मंदावणे किंवा यंत्र आपोआप बंद पडणे, या दोषास दुरुस्तीनंतरचे अतितापन म्हणतात. पंख्याची सफाई, बॅटरी किंवा कळफलक बदलणे, मदरबोर्ड काढून पुन्हा बसवणे अशा कोणत्याही कामानंतर हा दोष उद्भवू शकतो. त्याचे मूळ पुष्कळदा एखादा भाग निकामी होण्यात नसून जोडणीतील लहानशा उणिवेत असते. त्यामुळे कारणाचा शोध न घेता मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला स्वीकारणे ग्राहकास अकारण महागात पडते.

उष्णता बाहेर पडण्याची व्यवस्था

लॅपटॉपचा प्रोसेसर कामाच्या भरात साधारणतः १५ ते ४५ वॅट, आणि मोठ्या यंत्रांत त्याहूनही अधिक, उष्णता निर्माण करतो. ही सर्व उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर काढावी लागते. टेबलावरील संगणकाच्या प्रोसेसरवर बहुधा धातूचे झाकण असते. लॅपटॉपमध्ये ते सहसा नसते आणि तांब्याची पट्टी थेट सिलिकॉनवर टेकते. हे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात व त्यांत हवा अडकते. तांब्याच्या तुलनेत हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. दोहोंच्या वाहकतेतील फरक दहा हजार पटींहून अधिक भरतो. या फटी भरण्यासाठीच थर्मल पेस्ट नावाचा लेप वापरतात. लेपाची वाहकताही तांब्याहून पुष्कळच कमी असल्याने त्याचा थर पातळ राहणे महत्त्वाचे ठरते.

तांब्याच्या पट्टीला जोडलेली चपटी उष्णतानलिका ही पोकळ असून तिच्यात कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. तापलेल्या टोकाकडील पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाऊन पुन्हा पाणी बनते आणि आतील सच्छिद्र अस्तरातून मूळ जागी परतते. बाष्पीभवनाने उष्णता शोषली जाते हे मातीच्या माठाने घरोघरी परिचित करून दिलेले तत्त्व येथे बंद नळीत वापरलेले आहे. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नलिका तयार केली. दुरुस्ती करताना नलिका दुमडली वा चेपली गेल्यास आतील अस्तर बिघडते आणि बाहेरून धड दिसणारी नलिका उष्णता वाहून नेईनाशी होते. नलिकेचे दुसरे टोक धातूच्या पातळ पात्यांना जोडलेले असते व पंखा त्या पात्यांमधून हवा बाहेर फेकतो.

लक्षणांवरून निदान

केवळ तळ हाताला गरम लागतो यावरून निष्कर्ष काढू नये. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प वापरून प्रोसेसरचे तापमान, वेग व त्यावरील कामाचा भार एकत्र पाहता येतो, तर लिनक्सवर सेन्सर्स ही आज्ञा तापमान दाखवते. इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. या मर्यादेजवळ प्रोसेसर स्वतःचा वेग घटवतो आणि तरीही तापमान चढत राहिल्यास यंत्र बंद होते. आधुनिक पातळ लॅपटॉप जड काम सुरू करताच काही क्षण ९० अंशांच्या वर जाणे हे रचनेला धरूनच असते. तापमान तेथेच टिकून वेग सतत घटलेला राहणे, हे मात्र दोषाचे चिन्ह होय.

तापमान किती चढले यापेक्षा ते कसे चढले हे अधिक बोलके असते. भार पडताच एकदोन सेकंदांत तापमान शिखर गाठते, पण झरोक्यातून येणारी हवा जेमतेम कोमट असते, अशा वेळी उष्णता प्रोसेसरमधून तांब्यापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. दोष लेपात, दाबात किंवा नलिकेत असतो. तापमान काही मिनिटांत सावकाश चढते आणि बाहेरची हवा कढत पण क्षीण असते, तेव्हा पंखा किंवा हवेचा मार्ग तपासावा. प्रोसेसरच्या निरनिराळ्या गाभ्यांच्या तापमानात भाराखाली १५ ते २० अंशांचा फरक दिसल्यास पट्टी एका बाजूस उचललेली असण्याचा संभव मोठा असतो. यंत्र रिकामे असतानाही प्रोसेसर व्यग्र दिसत असेल, तर पेचकस हाती घेण्यापूर्वी चालू प्रोग्रॅम पाहावेत. दुरुस्तीत संगणक प्रणाली नव्याने टाकली असल्यास अद्ययावतीकरण, फायलींची सूची करणे व विषाणूशोध ही कामे पहिले एकदोन दिवस चालू राहतात. तो ताप आपोआप निवळतो.

ऋतूचाही हिशेब ठेवावा लागतो. खोलीचे तापमान जितके वाढते, जवळपास तितकेच प्रोसेसरचेही वाढते. नागपूर किंवा चंद्रपूर येथे मे महिन्यात दुरुस्त केलेल्या यंत्राची तुलना त्याच्या जानेवारीतील वर्तनाशी केल्यास कारागिरावर अन्याय होतो.

नेहमी आढळणारी कारणे

सर्वांत साधे कारण म्हणजे पंख्याची वायर सॉकेटमध्ये पूर्ण न बसणे. काही यंत्रे अशा वेळी सुरू होतानाच पडद्यावर सूचना देतात, काही देत नाहीत. पंखा फिरत असला तरी त्याच्या व पात्यांच्या मधली फोमची पट्टी निसटली असेल, तर गरम हवा बाहेर जाण्याऐवजी आतच घुटमळते. त्याच जागी धुळीचा नमद्यासारखा थर साचतो. बाहेरून हवेचा फवारा मारल्याने तो निघत नाही, उलट पंख्यात ढकलला जातो.

लेपाविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. जुना लेप न पुसता त्यावर नवा लावणे ही खरी चूक होय. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढावा लागतो. उघड्या सिलिकॉनचा कोपरासुद्धा कोरडा राहता कामा नये. थोडा जास्त झालेला साधा, वीज न वाहणारा लेप दाबाखाली कडेने बाहेर येतो व सहसा अपाय करत नाही. फार पातळ लेप मात्र तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत हळूहळू कडेला सरकतो. दुरुस्तीनंतर काही आठवडे ठीक चाललेले यंत्र पुन्हा तापू लागण्यामागे हे कारण असू शकते. द्रवधातू नावाने मिळणाऱ्या लेपात गॅलियम असते. ते विजेचे वाहक असून ॲल्युमिनियमला पोखरते. मुळात असा लेप असलेल्या यंत्रांवर अनुभवी हातानेच काम व्हावे.

सर्वांत फसवे कारण थर्मल पॅडचे असते. ग्राफिक्सची स्मृती व विद्युतनियंत्रक भागांवर मऊ पॅड बसवलेले असतात आणि त्यांची जाडी ०.५, १ किंवा १.५ मिलिमीटर अशी ठरावीक असते. जाड वा कडक पॅड घातल्यास संपूर्ण पट्टी किंचित उचलली जाते व प्रोसेसरवरील दाब कमी होतो. लेप उत्तम असूनही तापमान चढते. लेप पुनःपुन्हा बदलूनही फरक न पडल्यास प्रथम पॅड मोजावेत. नव्या पॅडवरील प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा राहिल्याचेही आढळते.

पट्टीचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, थोडेथोडे आवळायचे असतात. अनेक पट्ट्यांवर हा क्रम आकड्यांनी कोरलेला असतो. काढताना तो उलटा पाळतात. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळल्यास पट्टी कलते व सिलिकॉनचा कोपरा तुटण्याचा धोका राहतो.

पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो, पण तापमान कमीच दिसते, असा उलट प्रकारही घडतो. तेथे तापमापक संवेदकाची जोडणी सुटलेली असते आणि यंत्र खबरदारी म्हणून पंखा जोरात चालवते.

बॅटरी व विदा

उष्णता हाताच्या टेकणीखाली किंवा स्पर्शफलकाखाली जाणवत असेल, स्पर्शफलक वर उचलला असेल किंवा तळाचे झाकण फुगले असेल, तर बॅटरी फुगल्याचा संशय घ्यावा. असे यंत्र तत्काळ बंद करून चार्जर काढावा. बॅटरी दाबू वा टोचू नये. लिथियम बॅटरीला लागलेली आग घरात विझवणे अवघड असते. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी आवश्यक असून ते चिन्ह वेष्टनावर पाहता येते.

लिखाण चालू असताना यंत्र अचानक बंद पडल्यास फायली बिघडू शकतात. प्रबंध, प्रकल्प, हिशेब यांची प्रत अन्यत्र काढून ठेवणे हे तपासणीच्या आधीचे काम आहे.

ग्राहकाचे अधिकार

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार मोबदला देऊन घेतलेल्या दुरुस्तीतील उणीव ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते; तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा उपयोग होतो. यासाठी पावती, बदललेले जुने भाग आणि तापमानाच्या नोंदींची छायाचित्रे उपयोगी पडतात. दुरुस्तीस देण्यापूर्वी एकच काम दहा मिनिटे चालवून तापमान टिपून ठेवले असेल व परत आल्यावर तेच काम तितकाच वेळ त्याच खोलीत चालवले, तर वादास आधार मिळतो. दुसऱ्या कारागिराने मध्येच यंत्र उघडल्यास मूळ दोष कोणाचा हे सांगणे कठीण होते. म्हणून पहिल्या दुकानास तपासणीची संधी लेखी देणे हिताचे असते.