व्हाइट, बायरन रेमंड
(८ जून १९१७–१५ एप्रिल २००२). अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि कॉलेज फुटबॉलमधले गाजलेले खेळाडू. (हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकी खेळ.) जन्म कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्सचा, बालपण जवळच्या वेलिंग्टन गावातले. उंब्रज-कराडकडे जसा ऊस, तसे तिकडे साखरबीट. शाळकरी व्हाइट त्याच शेतांत राबत.

कोलोरॅडो विद्यापीठाकडून खेळताना वार्ताहरांनी त्यांना ‘व्हिझर’ हे टोपणनाव चिकटवले; त्यांना ते कधीच रुचले नाही. १९३७ मध्ये सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाच्या मतदानात ते दुसरे आले. पुढच्या वर्षी पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाने त्यांना १५,८०० डॉलर दिले. त्या काळी लीगमधला हा सर्वांत मोठा पगार! चेंडू घेऊन सर्वाधिक अंतर धावण्याचा मान त्यांनी त्याच हंगामात मिळवला आणि लगेच ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड गाठले. युद्धामुळे परतल्यावर येल विद्यापीठात कायद्याचा अभ्यास आणि डेट्रॉइटकडून खेळ, असे दोन्ही चालले.

महायुद्धात ते नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होते. जॉन केनेडींची पीटी-१०९ ही बोट बुडाल्याच्या अहवालाचे काम त्यांच्याकडे आले होते. त्याच केनेडींनी राष्ट्राध्यक्ष म्हणून १९६२ मध्ये त्यांना न्यायमूर्ती नेमले.

केनेडींचा माणूस म्हणून उदारमतवाद्यांनी बाळगलेल्या अपेक्षा मात्र पुष्कळदा फोल ठरल्या. आरोपीच्या हक्कांविषयीचा ‘मिरांडा’ (१९६६) आणि गर्भपाताविषयीचा ‘रो’ (१९७३) या दोन्ही खटल्यांत ते बहुमताविरुद्ध गेले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जॉर्जियाचा कायदा उचलून धरणारा १९८६ चा निकालही त्यांनीच लिहिला. तो न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केला.

त्यांच्यातला खेळाडू आणि न्यायाधीश समोरासमोर आले ते १९८४ मध्ये. कॉलेज फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावर एनसीएए या क्रीडासंघटनेने घातलेली बंधने न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मोडीत काढली. व्हाइट त्या दोघांत होते. हा निव्वळ धंदा नव्हे, खेळ शिक्षणाचा भाग राहावा यासाठी अशी बंधने लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे अमेरिकी विद्यापीठांत फुटबॉलच्या प्रक्षेपणातून आलेला पैसा पाहता हे भिन्नमत आजही वाचण्याजोगे आहे.

१९९३ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी रूथ बेडर गिन्सबर्ग आल्या. व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेचा समाजसेवा पुरस्कार बराच काळ व्हाइट यांच्या नावे होता. आता तो ॲलन पेज यांच्या नावे दिला जातो; तेही फुटबॉलपटू आणि मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती.