लाल औषध, मोरचूद आणि हायपो

माशाला औषध द्यायची रीत आमच्या घरात नव्हती. आम्ही भोई. वडील दौंडला भीमेत जाळं टाकायचे. जिवंत मासा पाटीत, मेलेला परत पाण्यात. आजारी मासा म्हणून काही वेगळं असतं, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. १९८६ साली मी स्टेशनाजवळ काचेच्या पेट्या आणि रंगीत मासे विकायला बसलो तेव्हा आई म्हणाली, "खायचा नाही असा मासा कोण घेणार रं?"

घेणारे होते. शोभेचा मासा आमच्या भागात दुकानाच्या आधीच पोचला होता, आणि तो पोचवला आरोग्य खात्यानं. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानात आला, मग १९२८ साली इटलीहून गंबुशिया आला. दोघेही डासांच्या अळ्या खातात, म्हणून हिवतापाच्या बंदोबस्तासाठी ते विहिरींत आणि हौदांत सोडले गेले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातला गप्पी पैदाशीचा सिमेंटचा हौद माझ्या वयाच्या पुष्कळांनी पाहिलाय. माझे पहिले मासे तिथलेच, जॅमच्या बाटलीत आणलेले. आठवड्यात त्यांनी पर मिटून घेतले आणि एकाच्या शेपटीला कापूस चिकटल्यासारखं दिसू लागलं. आईनं, घसा धरला की गुळण्यांना घालतात तसं, खडे मीठ टाकलं. तीन मासे वाचले. माझ्या धंद्यातलं ते पहिलं औषध.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहायला मासेघर उघडलं ते १८५३ साली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय झालं १९५१ साली. दौंडला रंगीत मासा रोजच्या विक्रीला आला तो मात्र रेल्वेमुळे. मुंबईचा माल कुर्ल्याहून, जास्तीचा हावड्याकडून. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी, वर ऑक्सिजन, तोंडाला रबर. दोन दोन दिवस मासा स्वतःच्याच घाणीत पोहत यायचा. पिशवी फोडताना येणारा उग्र वास अमोनियाचा, हे मला चार वर्षांनी कळलं. तोवर मी "गाडी लागली" म्हणायचो.

आमच्याकडे काळ्या पाषाणातलं पाणी, बोअरचं तर विचारूच नका. भांड्याला पांढरा थर धरतो. असं जड, अल्कधर्मी पाणी आणि वर मे महिन्याची उष्णता असली की तोच अमोनिया कितीतरी पट विषारी होतो. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, मासा तोंड वर करून श्वास घेतोय, काहीतरी रोग पडलाय." रोग नसायचा. नवी टाकी, एका दिवसात वीस मासे, आणि घाण पचवणारे जिवाणू अजून जमलेले नाहीत. पुढे भारनियमनाच्या वर्षांत तासन्‌तास हवेचा पंप बंद पडायचा, तेव्हा तर अशी तोंडं घरोघर दिसली. दुकानात येणाऱ्याला मी आजही आधी पाण्याबद्दल विचारतो, माशाबद्दल नंतर. पाणी कुठलं? कधी बदललं? किती बदललं?

औषधांचं म्हणाल तर माझ्या फळीवरचं एकही औषध मुळात माशासाठी जन्मलेलं नव्हतं. परमँगनेट म्हणजे आमच्या गावाकडचं लाल औषध. आग्र्याला हँकिन नावाचा जंतुशास्त्रज्ञ होता. १८९० नंतरच्या दशकात पटकीच्या साथीत विहिरींत परमँगनेट टाकायची पद्धत त्यानं रूढ केली, आणि आमच्या आज्यांनी गुलाबी पाणी प्यायलं ते त्यामुळे. त्याच पुडीतला कण मी अंगावर किडे धरलेल्या गोल्डफिशला वापरला. हायपो आणला शेजारच्या फोटो स्टुडिओतून. फोटो पक्का करायचे ते खडे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारतात. फोटोवाले भाऊ कागदात बांधून देत, पैसे घेत नसत. मोरचूद शेतीच्या दुकानातून, द्राक्षवाल्यांच्या बोर्डो मिश्रणातला. मिथिलिन ब्लू पॅथॉलॉजी लॅबमधून.

या निळ्या औषधाची कथा मला फार जवळची आहे. १८७६ साली जर्मनीत कारो नावाच्या रसायनज्ञानं हा रंग कापडासाठी बनवला. १८९१ मध्ये एर्लिकनं तो हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिला. आणि ज्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मी तो वापरला, त्याच्या परजीवीचं वर्णन फूके या फ्रेंच माणसानं केलं तेही १८७६ सालीच. त्या वर्षी इकडे दख्खनेत मोठा दुष्काळ सुरू झाला होता. दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला १८७८ मध्ये, दुष्काळ संपता संपता. पुढे माझा हावड्याचा माल यायचा तो याच मार्गानं.

ठिपक्यांचा रोग मी डोळ्यांनी पाहिला तो शिरूरला. आठवड्यातून एकदा चौफुल्यावरून न्हावरेमार्गे एसटीनं मी तिकडे पिशव्या घेऊन जायचो. तिथल्या एका शाळेतले विज्ञानाचे सर गिऱ्हाईक होते. त्यांच्या मॉलीवर मीठ भुरभुरल्यासारखे दाणे उठले होते. सरांनी ओल्या हातानं मासा धरला, काचपट्टीच्या कडेनं कुशीवरचा बुळबुळीतपणा अलगद खरवडला, थेंबभर पाणी टाकलं आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला. एक करडा गोळा हळूहळू गरगरत होता, कडेनं बारीक केस थरथरत होते, आणि पोटात घोड्याच्या नालेसारखं वळलेलं केंद्रक. घोडनदीच्या गावात, जिथं एकेकाळी पूना हॉर्सचं घोडदळ होतं, तिथं मला माशाच्या अंगावर नाल दिसली. मी दोनदा डोळा काढून परत लावला.

सर म्हणाले, "हा कातडीखाली असेपर्यंत तुमचं औषध त्याला शिवत नाही." मासा सोडून तो तळाला जातो, कवच धरतो, आत शेकड्यांनी पिल्लं होतात. ती नवा मासा शोधत पोहतात तेवढ्याच वेळात औषधानं मरतात. गरम पाण्यात हा फेरा आठवड्याच्या आत, थंडीत कित्येक आठवडे. मी तोवर तीन दिवस औषध द्यायचो, ठिपके गेले की पैसे घ्यायचो. ठिपके गेले म्हणजे ते तळाला उतरलेले असायचे. किती घरांत रोग अर्धा सोडून आलो, ते आठवलं की वाईट वाटतं.

मोरचुदानं तर मला कायमचं शहाणं केलं. दौंडच्या बोअरच्या पाण्यावर माझं माप बसलेलं होतं. जड पाण्यात तांबं साक्यासारखं खाली बसतं, म्हणून माप मोठं. तेच माप मी शिरूरला एका घरी घातलं. त्यांनी टाकी पावसाच्या पन्हाळीच्या पाण्यानं भरली होती, हे मी विचारलंच नाही. मऊ पाण्यात तेवढंच तांबं जहर. सकाळी अकरा एंजल तळाला आडवे होते. त्या घरातली लहान मुलगी मला काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. त्यानंतर पाणी तपासल्याशिवाय मी मोरचुदाची बरणी उघडली नाही.

वास्तूचं खूळ आलं तेव्हा विक्री वाढली. आठ सोनेरी, एक काळा. काळा मेला की लोक समाधानानं सांगायचे, घरावरचं संकट त्यानं घेतलं. मला हे फार लागायचं. संकट त्यानं घेतलं असं एकदा ठरलं की तो कशानं मेला हे कुणी विचारत नाही, आणि पुढच्या महिन्यात दुसरा काळा त्याच पाण्यात येतो.

माझ्या वडिलांनी मात्र विचारलं. जखमांचा एक साथीचा रोग १९८८ साली ईशान्येकडून देशात शिरला आणि काही वर्षांत ठिकठिकाणी पसरला. बुरशीसारखा एक जीव मांसापर्यंत खात जातो. मरळीला त्याचा फार त्रास. नव्वदीनंतरच्या एका हिवाळ्यात वडील ओल्या फडक्यात मरळ गुंडाळून दुकानात आले. कुशीवर रुपयाएवढी लाल जखम, मधोमध मांस पांढरं. भीमेतल्या माशांची नावं त्यांना तोंडपाठ होती. कर्नल सायक्सनं १८३९ साली दख्खनच्या माशांवर लिहिताना नुक्ता, खुदरी, कोळूस ही आमच्याकडची नावं लॅटिनला तशीच जोडली. त्या नावांच्या माशांत वाढलेला माणूस काचेच्या पेट्यांकडे बघत म्हणाला, "याला काय झालंय, सांग."

तळ्यात चुना मारता येतो. भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेनं या रोगावर सिफॅक्स नावाचं औषधही काढलं. पण वाहत्या नदीला कुठलं माप लावणार? मी तसं सांगितलं. ते बराच वेळ बसले. मग माझ्याकडून किलोभर चुना घेतला, काठापासून लांब बाभळीखाली खड्डा केला आणि मरळ चुन्यात पुरली. तिथून पुढे मेलेला किंवा जखमी मासा त्यांनी परत पाण्यात सोडला नाही.

भाचा आता उजनीच्या फुगवट्यावर जाळं टाकतो. जाळ्यात सकर मासा येतो, काटेरी, जाळं फाडणारा, कुणाच्या तरी टाकीत मावेना म्हणून नदीत सोडलेला. तसले मासे मीही विकलेत. दुकानाबाहेर मी एक टब ठेवलाय, नको झालेला मासा तिथं आणून द्यावा म्हणून. भाच्याला सापडलेले सकर अजून त्याच बाभळीखाली जातात, चुना माझ्याकडूनच.