अमेरिकेत नवी गाडी लीजवर घेताना: हप्त्यावर नको, किमतीवर बोला

शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्ज घेऊन अमेरिकेत गेलेली आपली मुलं-मुली शिक्षण संपवून नोकरीला लागली, की त्यांचा पहिला मोठा करार बहुधा गाडीचा असतो. न्यूयॉर्क, शिकागोसारखी मोजकी शहरं सोडली तर तिथे गाडीशिवाय कामावर पोहोचणं अवघड. त्यात अनेकांच्या घरात आधी कुणी चारचाकी घेतलेली नसते, त्यामुळे विचारायलाही कुणी नसतं. डीलर मात्र हे काम रोज करतो.

लीजमध्ये गाडी फायनान्स कंपनीच्या मालकीची राहते. आपण ती ठरावीक काळ, बहुधा ३६ महिने, वापरून परत करतो. हप्त्यात दोन गोष्टी असतात: त्या काळात गाडीची किंमत जेवढी घटेल ती घट, आणि कंपनीच्या अडकलेल्या पैशाचं व्याज. गाडीची लीज संपतानाची किंमत, म्हणजे रेसिड्युअल, फायनान्स कंपनी आधीच ठरवते आणि त्यावर घासाघीस होत नाही. गाडीची आजची विक्री किंमत मात्र कमी करून घेता येते. व्याजाचा दर ‘मनी फॅक्टर’ नावाच्या बारीक अपूर्णांकात सांगतात. त्याला २४०० ने गुणलं की वर्षाचा व्याजदर साधारण कळतो. कंपनीने दिलेल्या दरावर डीलर अनेकदा आपला वाढावा चढवतो, म्हणून यावरही बोलायचं असतं.

उदाहरण घेऊ. गाडीची छापील किंमत ३०,००० डॉलर, तीन वर्षांनंतरची १८,०००. तुम्ही घासाघीस करून किंमत २८,००० वर आणली, तर घट १०,००० डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे २७८. मनी फॅक्टर ०.००२० असेल तर विक्री किंमत आणि रेसिड्युअल यांची बेरीज, ४६,०००, गुणिले ०.००२० म्हणजे ९२ डॉलर व्याज. कर आणि फी सोडून हप्ता ३७० च्या आसपास. दुसऱ्याने तीच गाडी छापील किमतीला घेतली आणि मनी फॅक्टर ०.००२५ लावून घेतला, तर त्याचा हप्ता ४५३ होतो. गाडी तीच, मुदत तीच, आणि तीन वर्षांत सुमारे ३,००० डॉलरचा फरक. एवढ्यात शैक्षणिक कर्जाचे काही हप्ते फिटले असते.

शोरूममधला पहिला प्रश्न असतो, ‘महिन्याला किती परवडेल?’ याचं उत्तर देऊ नका. आकडा सांगितला की तो जुळवायला डीलरकडे बरेच मार्ग असतात: मुदत वाढवणं, मैल कमी करणं, सुरुवातीची रक्कम वाढवणं. त्यापेक्षा घरूनच चार-पाच डीलरांना ईमेल करा. एकच मॉडेल सांगा आणि विक्री किंमत, रेसिड्युअल, मनी फॅक्टर, सगळ्या फी आणि सही करताना द्यायची एकूण रक्कम लेखी मागा. एकाचा भाव दुसऱ्याला दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही. आठवडी बाजारात आपण हेच करतो.

मनी फॅक्टर सांगायचं टाळलं तरी तो काढता येतो. तिथल्या ‘रेग्युलेशन एम’ या नियमानुसार सही करण्याआधी करारातले मुख्य आकडे लेखी द्यावेच लागतात. मनी फॅक्टर त्यात बंधनकारक नाही, पण ‘रेंट चार्ज’ म्हणजे एकूण व्याजाची रक्कम आहे. तिला महिन्यांनी भागा, मग सवलती व आगाऊ रक्कम वजा झालेली करारातली किंमत आणि रेसिड्युअल यांच्या बेरजेने भागा. वरच्या दुसऱ्या उदाहरणात रेंट चार्ज ४,३२० असेल, भागाकार ०.००२५, म्हणजे व्याज ६ टक्के.

डाउन पेमेंट शक्यतो देऊ नका. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात संपली तर विम्याचे पैसे फायनान्स कंपनीकडे जातात आणि तुमची आगाऊ रक्कम बहुधा बुडते. मैल मात्र खरे सांगा. जादा मैलाला साधारण १५ ते २५ सेंट पडतात. वर्षाला ३,००० मैल जास्त झाले तर २० सेंटच्या दराने शेवटी १,८०० डॉलरचं बिल येतं. पेंट प्रोटेक्शन, वाढीव वॉरंटी वगैरे नाकारा, कारण बहुतेक नव्या गाड्यांना तीन वर्षं किंवा ३६,००० मैलांची वॉरंटी असतेच. विम्याचा भाव आधी काढा. नव्या चालकाला तो धक्का देणारा असतो. कर राज्यागणिक बदलतो. टेक्सासमध्ये तो गाडीच्या पूर्ण किमतीवर बसतो आणि सहसा ग्राहकाकडूनच वसूल होतो.

सगळ्यात गंभीर गोष्ट मुदतीची. ओपीटी १२ महिन्यांची असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी २४ महिने मिळू शकतात. एच-१बीवर नोकरी गेली तर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस. लीज मध्येच मोडली तर मात्र हजारो डॉलर भरावे लागू शकतात. काही कंपन्या लीज दुसऱ्याच्या नावावर करू देतात, काही देत नाहीत, आणि काहींत नाव बदललं तरी मूळ माणसाची जबाबदारी सुटत नाही. म्हणून मुक्काम पक्का नसेल तर लीज घेऊच नये, असं माझं मत आहे. ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घेतलेली जुनी गाडी परवडते. जाताना ती विकता तरी येते.

क्रेडिट हिस्ट्री नसली की डीलर जामीनदार मागतो. आपल्यात एकमेकांसाठी उभं राहण्याची सवय आहे आणि ती चांगलीच आहे, पण इथे सहजामीनदार म्हणजे फक्त साक्षीदार नव्हे. हप्ता चुकला तर कंपनी थेट त्याच्याकडे वसुलीला जाऊ शकते आणि त्याचाही क्रेडिट स्कोअर घसरतो. मित्राला सही मागण्याआधी करार त्याच्यासमोर ठेवा, एकूण रक्कम दाखवा, आणि त्याला घरी नेऊन वाचायला वेळ द्या. हीच सवलत स्वतःलाही घ्या. डीलरकडे सही केल्यावर तीन दिवसांत करार रद्द करता येतो, हा समज सर्वसाधारणपणे खोटा आहे.